शुक्रवारचं शटर

मी बियाण्याच्या पिशव्या शिवते. एकटी न्हाई, आम्ही सगळ्या बाया मिळून शिवतो. माहेर धावडा गावचं, पण आता जालन्याच्या एमआयडीसीत, सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलच्या भिंतीला लागून आमचं शेड आहे. बियाण्याच्या कंपन्यांना सीझनच्या आधी पिशव्या लागतात, आणि बिलावर जीएसटी नंबर नसला तर कंपनी पिशवीला हात लावत न्हाई. नंबर गेला की धंदा गेला. अन् तो नंबरच माझ्याकडून काढून घेतला.

आधी जीएसटीच्या हापिसातून नोटीस आल्ती. तीत कारणाची एकच ओळ होती, नोंदवलेल्या पत्त्यावर धंदा आढळला नाही. कोण आलं, कधी आलं, काय पाहिलं, काहीच न्हाई. मी म्हणलं, आम्ही काय भुतं आहोत का? रोज इथं मशिनी हाणून राह्यलो, ते कोणाला दिसलं न्हाई? शेवटी मिलच्या वॉचमननं उलगडा केला.

"ताई, शुक्रवारी दोघं आल्ते. मी म्हणलो, आज सुट्टी हाये, उद्या या. त्यांनी शटरचा फोटो काढला अन् गेले."

आता आमच्या भागाची सुट्टी रविवारी नसतेच. विजेचा भार वाटला जावा म्हणून कारखान्यांना कधीपासून वेगवेगळे वार ठरवून दिलेत, आमच्या वाट्याला शुक्रवार आला. मिल बंद म्हणून चहावाला बंद, टेम्पो बंद, मंग आम्हीही बंद. रविवारी या, कानठळ्या बसतील. इथल्या कुत्र्यालाही हे माहीत आहे, हापिसाला न्हाई.

नोटिशीत सुनावणीचा दिवस दिल्ता. मी गेले. भाड्याची पावती, लाइट बिल, सगळं बराबर घेऊन गेल्ते. हापिस बंद होईपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसले. शिपाई म्हणाला, साहेब दौऱ्यावर हायेत, पुढची तारीख कळवतील. तारीख न्हाई आली, हुकूम आला. 'सुनावणीस हजर राहिल्या नाहीत, सबब नोंदणी रद्द.' वाचून माझं डोकंच फिरलं. त्या बाकड्यावर बसून बसून माझी पाठ धरली होती, आणि म्हणे मी हजर न्हाई.

आमचे रिटर्न भरणारा सल्लागार तसा भला माणूस. म्हणाला, "ताई, नंबर परत चालू करायचा अर्ज करू. त्यात लिहू, अनवधानाने चूक झाली, क्षमा असावी. सगळे तसंच लिहितात. काम जल्दी होतं."

"चूक कोणाची झाली, भाऊ?"

"कोणाची का असेना. अडला हरी..."

"हरी अडलाय, बिलकुल अडलाय," मी म्हणलं. "पण पाय न्हाई धरणार."

"मंग वेळ लागेल. सीझन हातचा जाईल, सांगून ठेवतो."

भीती मलाही वाटली. पोट एकटीचं नव्हतं, म्हणून मी बायांना विचारलं. आमच्यातली वयानं मोठी बाई सुई ओवता ओवता म्हणाली, "माफी लिहून दे, अन् पुढच्या शुक्रवारी परत येतील. तवा म्हणतील, मागं तुम्हीच कबूल केल्तं." ठरलं.

अर्जात मी माझ्याच शब्दांत लिहवून घेतलं. चूक माझी नाही. तुम्ही सुट्टीच्या दिवशी आलात. सुनावणीला मी आले होते, तुम्ही नव्हता. आधी माझं ऐकून घ्या, कामाच्या दिवशी या, आणि मग काय तो हुकूम काढा. सल्लागार टाइप करताना सुस्कारे सोडत होता. मी म्हणलं, सोडा, पण शब्द बदलू नका.

वाट पाहण्यात एका कंपनीची ऑर्डर दुसरीकडं गेली. दोघीजणी दुसऱ्या कामाला लागल्या, त्यांना मी नावं ठेवत न्हाई. बाकीच्या आम्ही पिशव्या शिवून थप्पी लावत राह्यलो, नंबर आला की बिल काढू म्हणून. जेवताना मनात यायचं, लिहून टाकली असती माफी तर काय बिघडलं असतं? मंग ते बाकडं आठवायचं आणि घास गिळायच्या आधी राग यायचा.

नंबर परत मिळाला. पण त्याआधी साहेब स्वतः आले, सोमवारी. तेच, ज्यांची सही हुकमावर होती. दारात उभे राहून काहीतरी बोलून राह्यले, पण मशिनींच्या आवाजात नुसते ओठ हलताना दिसत होते. मी हात वर केला. एकेक करून सगळ्या मशिनी थांबल्या. बायांनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं. मी खुर्ची पुढं सरकवली.

"बसा साहेब. तुमचं सगळं ऐकून घेतो आम्ही. मंग आमचं ऐका."

साहेब बसले. त्यांनी एकदा छताकडं पाहिलं, एकदा पिशव्यांच्या थप्पीकडं. मंग विचारलं, "शुक्रवारी बंद का होतं?"

एवढं विचारायला त्यांना अख्खा सीझन लागला. उत्तर द्यायला मला चहा निवायचाही वेळ लागला न्हाई.