मधला खटका

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण आधी त्या चाकाबद्दल सांगू द्या — कारण ते आठवलं की लाज वाटण्याच्या आधी मला आनंद होतो. अजूनही होतो. काय करू?

चिखलदऱ्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यातून मी सायकलचं एक मागचं चाक आणलं. तीन गिअरचं! चाकाच्या मधल्या तुंब्याच्या पोटात दातेरी चक्रं, बाहेर लोंबणारी एक बारीक साखळी. त्या साखळीला तार जोडायची, तारेचं दुसरं टोक हँडलवरच्या खटक्याला. खटका दाबला की तार ओढली जाते आणि आत चक्रं जागा बदलतात. तोच रस्ता, तेच पाय — आणि चढ निम्मा हलका! अमरावतीत असलं दुसरं चाक मी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी ते नुसतं हातात धरून फिरवत बसलो होतो. टिक टिक टिक. जेवण निवून गेलं.

चाक कोणाला बसवायचं, हा प्रश्नच नव्हता. भातकुलीचा किसना माळी माझा शाळेतला सोबती. रोज पहाटे भाजी आणि फुलं सायकलवर लादून अमरावतीच्या बाजारात आणायचा. वाटेत नाल्याचा चढ. तिथे उतरून ढकलायचा. आता ढकलणार नव्हता. दसऱ्याचा झेंडू तो गिअरवर आणणार, असं मी जिनिंगमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. मी तिथे कापसाचं वजन पाहतो. छटाकभर चूकसुद्धा मी कोणाची चालू दिलेली नाही — हे लक्षात ठेवा.

लिलावातल्या चाकाला खटका नव्हता. त्याच बनावटीचा मी नागपूरहून मागवला, पण तो दसऱ्याआधी येईना. मग अकोल्याला गेलो, जठारपेठेतल्या एका दुकानात खटका मिळाला — तीन गिअरचाच, पण दुसऱ्या कंपनीचा. तीन म्हणजे तीन, नाही का? दुकानदारही तेच म्हणाला.

नाही. तीन आणि तीन सारखे नसतात. प्रत्येक खटका किती तार ओढतो, त्यावर सगळं असतं. मी घरी फूटपट्टी लावून मोजलं. साखळीला जेवढी ओढ लागत होती, त्याहून मधल्या खटक्याची ओढ ज्वारीच्या दाण्याएवढी कमी पडत होती. पहिला गिअर जमवला की मधला अधांतरी. मधला जमवला की पहिला लागेना. अधांतरी म्हणजे काय, तेही मला कळत होतं — जोर दिला की पायडल रिकामं फिरणार.

आणि तरी बसवला. पहिला जमवला, तिसरा जमला, मधला… अंगणात बिनओझ्याची सायकल मधल्यावरही चालली. मी स्वतःला म्हटलं, चालेल. काय घाई होती? कोणती अडचण होती? एकच — मी बोलून बसलो होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी किसनानं चक्कर मारून पाहिली. उतरला आणि म्हणाला, "भाऊ, मधला खटका वाजते, पण पायले धरत नाही."

मी म्हणालो, "अंगठा पुरा दाब ना बाप्पा. सवय नाही तुले."

एवढंच बोललो. त्यानं मान हलवली.

दसऱ्याच्या सकाळी नाल्याच्या चढावर तो पायडलवर उभा राहिला, मधल्यात. पायडल रिकामं गेलं. तो आडवा पडला, त्याच्या गुडघ्यावर सायकल आणि वर झेंडूची पोती. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा रस्ता पिवळा झाला होता आणि बाजाराला निघालेल्या गाड्या त्या फुलांवरून जात होत्या. किसना दात आवळून हसत होता. म्हणाला, "माह्याच अंगठ्यानं घात केला, भाऊ."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी त्याला गाडीत चढवायला हात लावला.

अजून संपलं नाही. सायकल माझ्या ओसरीवर आणून ठेवली होती. काही दिवसांनी नागपूरचा खटका आला. मी जठारपेठेचा काढला, विहिरीत टाकला, नवा बसवला. तेवढ्यात किसनाचा मेहुणा तावातावानं आला — ही मशीनच खोटी आहे म्हणत. मी कॅरिअरवर धान्याचं पोतं बांधलं आणि नाल्याच्या चढाशी नेऊन सायकल त्याच्या हाती दिली. मधला खटका काय सुरेख लागला! तो चढावर जाऊन आला आणि भातकुलीला परत जाऊन त्यानं सांगितलं की मशीन एकदम बरोबर आहे.

खरं सांगू? तो चढावर असताना गिअर लागलेला ऐकून मी मनातून नाचलो होतो.

किसनाचा गुडघा वाकला नाही तो नाहीच. सायकल सुटली. बाजारात फुलांचा मक्ता दुसऱ्याकडे गेला. लोक त्याला अजून चिडवतात, "काहो किसनाजी, कोणता गिअर?" आणि तो अंगठा वर करून दाखवतो. सगळे हसतात. मीही हसलो आहे.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला तो लंगडत माझ्या घरी आला, सोबत त्याचा मोठा मुलगा. मुलगा आता बाजार करतो. त्याला गिअरची सायकल घ्यायची आहे. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून किसना म्हणाला, "याले तुमीच शिकवा, भाऊ. आमच्या घरात अंगठेच बेकार हायेत."

मी बरं म्हणालो.

किसनाच्या अंगठ्यात काही खोट नव्हती. त्यानं तो पुरा दाबला होता. तार कमी पडत होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि मी ती मोजलेली होती.