दाखल्यावरचं उत्पन्न

दौंडच्या ऑफिसात आमचे साहेब डबा खाताना मोबाईलवर शेअरचे आलेख बघत. एखादा भाव महिनोन्महिने एकाच पातळीला अडतो आणि एक दिवस ती ओलांडून वर जातो, त्याला ब्रेकआउट म्हणतात, हे त्यांनीच मला शिकवलं. "पण लगेच उडी मारायची नाही. व्हॉल्यूम बघायचा. खरोखर किती शेअर विकले-घेतले गेले ते. त्याशिवाय वर गेलेला भाव म्हणजे नुसती हूल." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे सांगणारं दुसरं कोणी मला भेटलं नसतं. त्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे.

आमचं काम कुटुंबांच्या उत्पन्नाच्या पाहणीचं. कोणाकडे किती येतं आणि गरीब-श्रीमंतांत अंतर किती, याची आकडेवारी त्यातून निघणार होती. आधी भरलेले फॉर्म घरी जाऊन पडताळायचे आणि खाली सही करायची, एवढी माझी जबाबदारी. कंत्राट वाढवणं साहेबांच्या हातात होतं.

शिरूर तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या एका गावाचा गठ्ठा आला. जवळपास प्रत्येक फॉर्मवर उत्पन्नाचा आकडा एकच. मी तो आकडा लगेच ओळखला. फीमाफीसाठी तहसीलमधून जो उत्पन्नाचा दाखला काढतात, त्यावरचा होता. आमच्याकडे उत्पन्न विचारलं की माणूस कमाई सांगत नाही, दाखला सांगतो. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जालाही दाखला होता. त्यावर होतं त्याहून जास्त आमच्या घरात खरोखर येत नव्हतं.

पहिलंच घर ऊसवाल्या आबांचं. दारात ट्रॅक्टर, ओसरीवर चारपाच मंडळी. माझे वडील मेंढरं घेऊन या भागात यायचे, त्यामुळे आबा मला ओळखत होते.

"आबा, वर्षाचं उत्पन्न किती?"

"लिवलंय की. दाखला हाय."

"ऊस किती गेला?"

"तू काय इन्कमटॅक्सवाला हाय व्हय रं? तुझा बाप आमच्या रानात मेंढरं बसवायचा. त्याला कवा इचारलं का आमी, किती हायत म्हणून?"

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

ओसरीवरच्या मंडळींतलाच एक मिशीत हसत म्हणाला, "आबा, पारावर एकरी टन सांगताना तर लय आवाज असतो तुमचा. आता का घसा बसला?"

"बसतोय कशाला!" आबा उसळले आणि एकरी टन, एकर, सगळं धडाधड सांगून मोकळे झाले. उत्पन्न लपवणारा माणूस टन कमी सांगायला तयार नव्हता. मी लिहून घेतलं.

तिथून चार घरं पलीकडे एक मावशी राहायच्या. कारेगावला कंपनीत ठेकेदाराकडे साफसफाईला जायच्या. फॉर्मवर आकडा तोच. मी तो वाचून दाखवला.

"दाखल्याएवढं मिळालं असतं तर आनखी काय पायजे व्हतं?" त्या म्हणाल्या. "खाडं धरून सांगू का न धरता?"

मी खाडे धरून लिहिलं. दाखल्यापेक्षा बरंच कमी भरलं. उरलेली घरंही तशीच, नुसतं उत्पन्न न विचारता टन आणि खाडे विचारत, पुरी केली.

ऑफिसात परतलो तर साहेबांनी माझे कागद बाजूला सारले. "मुदत संपली. जुन्या फॉर्मवर सही करा. आकडे सारखे आले तर कोणाचं काय बिघडतं?"

"मावशींचं बिघडतं. कागदावर त्या आबांच्या बरोबरीच्या झाल्या."

"कंत्राट वाढवायचंय ना तुम्हाला?"

"वाढवायचंय. पण साहेब, व्हॉल्यूम बघायला तुम्हीच शिकवलंत. या आकड्यामागं काय आहे? नुसता दाखला."

"शेअरमध्ये माझे पैसे असतात."

"मग इथं दुसऱ्याची गरिबी आहे म्हणून सोडायचं?"

त्यांनी जुना गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मी तिथंच बसून एकेका जुन्या फॉर्मवर लिहिलं: 'हा आकडा दाखल्यावरचा आहे, कमाईचा नाही. तपासलेला आकडा सोबत जोडला आहे.' खाली पूर्ण नावानं सही केली. हात दुखला, पण एकही फॉर्म सोडला नाही.

"सोमवारपासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"नाही येत. गठ्ठा मिळाल्याची पोच द्या."

मी खुर्चीवरून हललो नाही. शेवटी त्यांनी शिक्का उचलला.

"तारीख पण टाका," मी म्हणालो.