जड पाण्यात उगाळलेली शाई

वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत इकेजिरी नोबुएच्या नाकपुड्या कधी स्वच्छ म्हणून नव्हत्या. नारा शहरातल्या शाईच्या कांड्या करणाऱ्या घरातला जन्म. काजळी भिंतींवर, काजळी केसांत, कधी कधी भातावरसुद्धा. शाळेतल्या मुली तिला 'कढईचा तळ' म्हणायच्या. तिने ते मनावर घेतलं नाही. रसायनशास्त्र शिकायला घर सोडताना बाबांनी विचारलं, "तिकडे जाऊन नक्की काय बघणार तू?" ती म्हणाली, "काजळीच. फक्त जरा जवळून." बाबा पोट धरून हसले होते.

पण पोरीने शब्द पाळला. आता सत्तावन्नाव्या वर्षी ती तोकाई गावात, रताळ्यांच्या शेतांपलीकडे समुद्राकाठी असलेल्या न्यूट्रॉनच्या प्रयोगशाळेत काम करते. दुधात, रंगात, शाईत जे कण विरघळतही नाहीत आणि तळाशी बसतही नाहीत, ते तरंगत का राहतात, त्यांच्या अंगाला काय चिकटलेलं असतं, हे शोधणं तिचा धंदा. नमुना चपट्या काचेच्या डबीत भरायचा, त्यावर न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि झोत कसा विखुरतो ते मोजायचं. त्यात तिची एक हातचलाखी होती. शाईची कांडी साध्या पाण्याऐवजी जड पाण्यात उगाळली की न्यूट्रॉनला काजळी दिसतच नाही. दिसतो तो फक्त काजळीला धरून ठेवणारा चिकट सरस. "लोक काळ्याचं पांढरं करतात," ती म्हणायची, "मी काळं गायबच करते."

हे सगळं ठीक चाललं होतं. सप्टेंबरात भावाचा फोन आला.

"नोबू, यंदा दिवे लावत नाही."

इकेजिरींच्या घरात ऑक्टोबरात तेलाचे दिवे लागतात, त्यांच्यावर मातीची झाकणं ठेवून काजळी धरतात, आणि मग वसंतापर्यंत कांड्या पडत राहतात. दिवे लावायचे नाहीत म्हणजे दुकान बंद. दहा पिढ्या चाललेलं.

"झालं काय दादा?"

"काय व्हायचंय? सरसाचा जुना कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून नवा सरस आणतोय आणि तेव्हापासून सुलेखनाचे गुरू माझी कांडी परत पाठवतायत. शाई मरगळलेली म्हणतात. बाबांची शाई अशी नव्हती म्हणतात. जुना सरस काही मी आता घरात शिजवू शकत नाही. आपल्या कारागिराला, गेन्सानला, सांगून टाकलं, दुसरीकडे काम बघ."

तोमोहारुदादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण नोबुएही त्याच घरातली होती. वर्षापूर्वी तिच्याच हट्टापायी त्याने माळ्यावर उरलेल्या जुन्या सरसाच्या काही कांड्या, नव्या सरसाच्या कांड्यांबरोबरच, एकाच आठवड्यात पाडल्या होत्या. आणि बाबांनी त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात पाठवलेली ताजी कांडी तिने बारा वर्षांपूर्वी मोजली होती. तो आलेख तिच्या खणात होता.

"ऐक," ती म्हणाली. "तुझ्या दोन्ही कांड्या मोजते. जुन्या सरसाची कांडी बाबांच्यासारखी निघाली तर दोष सरसाचा. तू दुकान बंद कर, मी चकार शब्द काढणार नाही."

"आणि नाही निघाली तर?"

मग दोष दादाच्या हाताचा. हे मोठ्या भावाला फोनवर कोण सांगणार?

"मग बघू," ती म्हणाली.

"बघू काय? आणि उगाळणार कोण? तू? परक्या हाताने उगाळलेली माझी शाई मी मानत नाही."

"मी परकी?"

"तू गुरासारखी दाबून उगाळतेस. लहानपणापासून."

झालं. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दादा तोकाईला हजर. बगलेत कापडात गुंडाळलेली सहाण, गळ्यात किरणं मोजण्याचा बिल्ला, डोक्यावर हेल्मेट. यंत्राची जबाबदारी असलेले मुरोतासान जाडजूड, हसरे गृहस्थ. त्यांनी त्याच्यापुढे सुकवलेल्या रताळ्याच्या फोडी ठेवल्या.

"मालक, आमच्याकडे हेच. खाऊन घ्या. पण आत न्यायचं नाही हं."

"आत काय स्फोट होतो का?"

"नाही हो. आत खाल्लं की कागदपत्रं भरावी लागतात. त्यापेक्षा स्फोट बरा."

यंत्र त्यांना एकाच दिवसासाठी मिळालं होतं. संध्याकाळी सातला पुढचा गट येऊन उभा राहणार होता. नोबुएने जड पाण्याची बाटली आणि ड्रॉपर दादाच्या हाती दिला आणि डब्या आणायला शेजारच्या खोलीत गेली. दादाने मान खाली घातली आणि मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी कांडी फिरवायला लागला. बघत राहावं असं उगाळणं होतं ते. डब्या भरल्या, झोत सुरू झाला.

दुपारी बारा वाजता पडद्यावरचे आकडे बघून नोबुएच्या कपाळावर आठ्या पडल्या. काजळी गायब व्हायला हवी होती. ती ठसठशीत दिसत होती.

"जड पाण्यात साधं पाणी मिसळलंय," मुरोतासान म्हणाले. "हवेतला दमटपणा एवढा नसतो."

"दादा, तू सहाणेवर दुसरं काही ओतलंस?"

"छे! काय ओतणार?"

"आठव नीट."

"काही नाही म्हटलं ना! नेहमीसारखी सहाण धुतली, ओली करून घेतली आणि तुझं पाणी घातलं."

"कशाने धुतलीस?"

"नळाने. मग काय साके दारूने धुवायची?"

मुरोतासान खुर्चीत इतके हसले की खुर्ची करकरली. कोरड्या सहाणेवर कांडी टेकवायची नाही, हे शाईवाल्यांच्या घरात पोरांना चालण्याआधी कळतं. नोबुएलाही ठाऊक होतं, आणि तरी तिला ते सांगायचं सुचलं नाही, कारण सवयीची गोष्ट कोणी सांगत बसत नाही. बारा वर्षांपूर्वी तिने कोरी करकरीत, नळाचं पाणी न लागलेली सहाण वापरली होती. आता अर्ध्या दिवसाच्या मेहनतीवर अक्षरशः पाणी फिरलं होतं, तेही नळाचं.

"घास ती सहाण, वाळव, आणि या जड पाण्यानेच धू," ती म्हणाली.

"बाटलीतल्या पाण्याने दगड धुऊ? लोक काय म्हणतील?"

"इथे लोक म्हणजे मुरोतासान. ते काही म्हणत नाहीत."

"मी रताळं खातोय," मुरोतासान दारातून म्हणाले. "बाहेर उभा राहून."

दुसऱ्यांदा काजळी गायब झाली. साडेपाचपर्यंत दोन्ही कांड्यांचे आलेख पडद्यावर होते. नोबुएने बाबांच्या कांडीचा आलेख शेजारी लावला.

दादाच्या दोन्ही कांड्यांच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसत होत्या. सरस जुना असो की नवा, काही फरक नव्हता. बाबांची रेषा मात्र दोघींपासून वेगळी चालली होती.

"बोल," दादा म्हणाला.

तिला वाटलं, खोटं बोलावं. सांगावं की सरसच वाईट. म्हातारपणी या माणसाने मान ताठ ठेवून दुकान बंद करावं, त्यात काय वाईट आहे? पण काजळी जवळून बघायची असं बाबांना सांगून ती घराबाहेर पडली होती.

"दादा, बाबांच्या शाईत काजळीच्या एकेका कणाने सरसाचा आपापला पातळ सदरा घातलाय. तुझ्या शाईत चार-पाच कण एकाच रजईत कोंबलेत. दोन्ही सरसांत. सरसाचा दोष नाही."

दादाने हेल्मेट काढलं, टक्कल खाजवलं.

"म्हणजे माझा दोष."

"तसं नाही—"

"तसंच ना? नीट सांग. माझाच?"

"हो," नोबुए म्हणाली. "काजळी-सरस मळण्यात कमी पडतंय."

आणि तोमोहारुदादा हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, मग तोंड का पाडतेस? सरस मेला असता तर कुठून आणणार होतो मी? हात काय, हे इथेच आहेत!" त्याने दोन्ही काळे पंजे तिच्या नाकापुढे नाचवले. मग एकदम थांबला. "पेटी," तो म्हणाला.

"कसली पेटी?"

"विजेची. सहा वर्षांपूर्वी घेतली. काजळी-सरसाचा गोळा गार झाला की दगड होतो, म्हणून बाबा उरलेला गोळा कुठे ठेवायचे, आठवतं?"

नोबुएला आठवलं. बाबा मळायच्या जागी बसलेले, आणि गोळा त्यांच्या बुडाखाली, अंगाच्या उबेत.

"पर्यटक बघायला यायचे, मला लाज वाटायला लागली. पेटी आणली. पेटीत गोळा मऊच राहतो, म्हणून मीही कंटाळलो की मळणं थांबवतो. बाबांना थांबायची सोयच नव्हती! थांबले की गोळा दगड." त्याने मुरोतासानकडे वळून जाहीर केलं, "खोट सरसात नाही, हातातही नाही. बुडात आहे!"

मुरोतासानची खुर्ची पुन्हा करकरली. दादाने तिथूनच नाराला फोन लावला. "गेन्सान? कुठे जायचं नाही. उद्या दिवे लावायचे. आणि ती पेटी उचलून माळ्यावर टाक... का म्हणजे? इथे शास्त्रज्ञांनी मला बसायला सांगितलंय."

फेब्रुवारीत नोबुएने नवी कांडी मोजली. त्याआधी दोन रविवार तिनेही नाराला जाऊन बाबांच्या मळायच्या जुन्या चौरंगावर काढले होते, बुडाखाली गरम गोळा घेऊन, आणि सोमवारच्या बैठकीत मुरोतासाननी तिला आरसा दाखवला होता, कारण नाकपुड्या पुन्हा काळ्या होत्या. ती इतकी खूश होती की तिने आठवडाभर त्या नीट धुतल्याच नाहीत.

नवी रेषा बाबांच्या रेषेकडे झुकली होती. तिने दादाला फोन केला.

"पोचलो?" त्याने विचारलं.

"अजून थोडं राहिलंय, दादा."

पलीकडे तो जरा हलल्याचा, मग नीट ठाण मांडल्याचा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला, "बसतो आणखी."