मला न कळवलेले तेरा दिवस

बाबा गेले ते ख्रिसमसनंतर दोन दिवसांनी, आणि मला कळलं ते चौदाव्या दिवशी. मधले दिवस मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दोन जर्मन म्हाताऱ्यांबरोबर हिंडत होते, खात होते, पीत होते, हसून फोटो काढून घेत होते. घरच्यांनी ठरवलं होतं की मला कळवायचं नाही. याला वीसेक वर्षं होत आली, तरी हे सांगायला घेतलं की माझा आवाज चढतो. चढू दे.

आमच्याकडे ही रीतच आहे. वाईट बातमी परीक्षा असेल तर परीक्षेनंतर, बाळंतपण असेल तर सव्वा महिन्यानंतर, आणि माणूस परदेशात असेल तर सगळं आटोपल्यावर सांगायची. माझा पासपोर्ट तेव्हा रेसिडेन्सीच्या अर्जाबरोबर सरकारी कचेरीत पडला होता आणि कचेरी सुट्टीत बंद होती. ही येऊ तर शकणार नाही, मग तिथे एकटी रडत बसण्यापेक्षा उशिरा कळलेलं बरं, असा विचार माझ्या भावाने केला. फार शहाणा आहे तो. लहानपणापासून घरातले सगळे निर्णय आपणच घ्यायचे असं त्याला वाटतं.

मी ऑकलंडला एका आयटी कंपनीत होते आणि या जर्मन जोडप्याच्या घरी एक खोली घेऊन राहायचे. त्यांना जर्मनीहून येऊन चाळीस वर्षं झालेली, पण जेवणाची पद्धत तसूभर हलली नव्हती. गरम जेवण दुपारी एकदाच. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला गार पाव, चीज, सॉसेजचे काप आणि आंबट काकडी, तेही ताटात नाही, छोट्या लाकडी फळीवर. संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही म्हणजे नाही. मी आपली पापाटोएटो भागातल्या भारतीय दुकानातून तांदूळ-मूगडाळ आणून शनिवारी खिचडी टाकायचे, तेव्हा मालकीणबाई खिडक्या उघडत फिरायच्या. बाई वाईट नव्हत्या हो, पण सरळ इतक्या की टोचायच्या. माझा नवा ड्रेस बघून, हा रंग तुला शोभत नाही, असं तोंडावर सांगायच्या. यांना खोटं बोलताच येत नाही, असं मी घरी फोनवर कौतुकाने सांगितलं होतं.

त्या सुट्टीत मी कुठेही जाणार नव्हते. दोन आठवडे लोळायचं, एवढाच बेत. सत्तावीस तारखेला संध्याकाळी मालकीणबाई माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, उद्या सकाळी आम्ही गाडीने साउथ आयलंडला निघतोय, तूही चल. बुधवारी काय शिजवायचं हे सोमवारी ठरवणारी ही बाई. माझ्या डोक्यात तिथेच घंटा वाजायला हवी होती. मला वाटलं, म्हातारपणी उत्साह आलाय. फुकटात फिरायला मिळतंय म्हणून मी पटकन बॅग भरली.

आणि काय माझे लाड झाले त्या प्रवासात! फेरी बोटीवर घरमालकांनी खिडकीजवळची जागा मला दिली. तंबू ठोकला की मालकीणबाई छोट्या गॅसवर रोज संध्याकाळी, हो, संध्याकाळी, माझ्यासाठी भात लावायच्या. एकदा तर मला विचारून विचारून डाळ केली. पाणी एकीकडे, डाळ एकीकडे, फोडणीचा पत्ता नाही. मी हसून हसून पडले. त्या हसल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, खा, अजून घे. एकतीस डिसेंबरला त्यांच्या पद्धतीप्रमाणे आत जॅम भरलेले, साखरेत घोळवलेले गोल वडे तळले. मी पाच खाल्ले. वर वाइन, वर लसणातले शिंपले. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते आणि मी बोटं चाटत होते.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एका गावातल्या फोन बूथमधून मी घरी फोन लावला. आमचे दुपारचे चार, तिकडे सकाळचे साडेआठ. भाऊ म्हणाला, बाबा फिरायला गेलेत. आईचा आवाज बसलेला होता, ती म्हणाली, सर्दी झालीय. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मी विचारलं, तर म्हणे पाहुणे आलेत. त्यावर मी जे बोलले ते माझा पिच्छा सोडत नाही. मी म्हणाले, "मजा आहे बुवा तुमची."

आईने फोन ठेवून दिला. मला वाटलं, फोनचं कार्ड संपलं. मालकीणबाई बूथच्या बाहेर उन्हात उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून.

नंतर मी कॅलेंडर घेऊन बसले आणि एकेक दिवस लावला. असं करू नये, पण राहवलं नाही. दहाव्या दिवशी तिकडे नदीवर भाऊ बसला होता, आणि मी एका तळ्यात टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून डुंबत होते. त्याचा फोटो आहे. ओले केस, दात दिसतायत सगळे. तो फोटो मी फाडलेला नाही आणि कुणाला दाखवलेलाही नाही. त्यातली मुलगी मला अजूनही भेटते, कधी सकाळी आरशात, कधी गाडी चालवताना. तिला काही माहीत नाही, ती तशीच हसत असते. मला तिची भीती वाटते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. त्याने सगळं सांगितलं आणि माझं रडणं ऐकून म्हणाला, "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते गं." त्या एका वाक्याला धरून मी तासभर पलंगावर पडून राहिले. मी नव्हते, पण नाव तरी होतं, असं काहीसं.

मग मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या. म्हणाल्या, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू बाहेर गेली होतीस तेव्हा तुझ्या भावाने फोन केला, तो रडत होता, तुला सांगू नका आणि एकटं सोडू नका म्हणाला. असं खोटं मी आयुष्यात वागले नव्हते, पुन्हा वागणार नाही. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना काही त्रास झाला नाही. झोपेतच गेले. तुझी आई शेजारच्या खोलीत होती, सकाळी चहाला हाक मारली तेव्हा कळलं. तुझ्या भावानेच सांगितलं मला."

मी भावाला कधी विचारलं नाही, की झोपेत गेले तर माझं नाव घेतलं कधी. त्याच्यावर ओरडले खूप, कळवलं का नाही म्हणून. वर्षभर धड बोलले नाही. पण हे नाही विचारलं.

पुढे माझं लग्न झालं, आम्ही ऑकलंडच्याच फ्लॅट बुश भागात घर घेतलं, आणि आई सहा महिन्यांसाठी राहायला आली. एका दुपारी ओट्याशी मेथी निवडता निवडता तीच म्हणाली, "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते गं." भावाचेच शब्द, अगदी तसेच. म्हणजे दोघांनी बसून ठरवलं होतं.

मी विचारलं, "तू जवळ होतीस ना त्यांच्या?"

ती मान वर न करता म्हणाली, "होते की. हात हातात होता."

तिची बोटं मेथीच्या काडीवर थांबली होती. मी जुडीतली अर्धी मेथी माझ्याकडे ओढली आणि म्हणाले, "बरं झालं आई, तू होतीस ते."