जेवणाशिवायची इर्जिक

माझी मैत्रीण विचारवंत आहे. हे वाक्य मी आजवर अनेकदा अभिमानाने उच्चारलं आहे आणि दर वेळी पोटात दुखलं आहे. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मराठीत पहिली मी यायचे, दुसरी ती. पुढे मी लोणावळ्याच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं वह्या तपासल्या आणि ती आधी वर्तमानपत्रात, मग टीव्हीवरच्या चर्चांत आणि मग परदेशात पोचली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी कधी कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ सोडून.

ती जे जे लिहायची ते छापण्याआधी माझ्याकडे यायचं. ही आमची जुनी पद्धत. पुण्याहून कागद यायचे, मी लाल पेन घेऊन बसायचे, आणि गावाकडचं काही चुकलं असेल तर समासात खडसावून लिहायचे. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही बाई," असं ती म्हणायची. पुस्तकात आभाराच्या यादीत मी शेवटून तिसरी असायचे. माझ्याखाली टायपिंग करणारे आणि मग छापखाना.

दोन वर्षांपूर्वी तिला युरोपातून बोलावणं आलं. दहा दिवस, तीन शहरं, मुलाखती आणि वादसभा. विषय काय, तर गावं एकमेकांना कशी धरून राहतात. आणि ती बोलणार होती इर्जिकीवर. ज्याच्या शेतात लावणी अडली आहे त्याने वाडीला हाक द्यायची, वाडीने एक दिवस त्याच्या खाचरात उतरायचं, पैसा कुणी घ्यायचा नाही, आणि संध्याकाळी त्याने सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, ती इर्जिक. तिने हे पाहिलं कुठे? कुरवंड्याला, माझ्या घरी. सुट्टीत माझ्याबरोबर आली होती, बांधावर उभी राहून वहीत लिहीत होती, आणि माझ्या आईच्या हातच्या भाकरी खात होती. चिखलात मी होते. आता माझं माहेर विमानात बसून चाललं होतं आणि माझ्याकडे साधा पासपोर्टही नव्हता. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं.

भाषण आधी मराठीत लिहून मग इंग्रजी करायची तिची सवय. मराठी कागद माझ्याकडे आले. चांगलं लिहिलं होतं, हे जास्तच खुपलं. पाचव्या पानावर एक वाक्य होतं: इर्जिकीत जेवण हीच मजुरी असते, जिथे जेवण नाही तिथे इर्जिक नाही.

हे खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. माझे वडील ऐन लावणीत गेले. रोपं तयार होती, आणखी आठ दिवस गेले असते तर वर्षाचं भात गेलं असतं. सुतकात आम्ही कुणी शेतात उतरणार नव्हतो. आई भिंतीला टेकून बसली होती, वाडीला हाक द्यायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी खाचराकडून माणसांचा आवाज आला. शेजारची मावशी सगळ्यात पुढे होती, साडीचा काष्टा मारून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. आमच्या घरचं त्या दिवसांत काही चालायचं नाही, म्हणून त्यांनी भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या, प्यायचं पाणीही आपापल्या कळशीतून. बांधावर बसून खाल्लं आणि पुन्हा उतरले. दिवे लागायच्या आत चारही खाचरं लावून झाली होती. आमच्या दारात येऊन कुणी एक शब्द बोललं नाही. ती खाचरं आता एका बंगल्याच्या कुंपणाच्या आत आहेत.

मैत्रीण त्या वर्षी दिल्लीला शिकत होती. मीही तिला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं ते आता, समासात, दोन ओळींत. पेन हातात होतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि पान उलटलं. उगाच आडून कशाला बोलू? मला वाटलं, एकदा तरी हिचं थोबाड फुटू दे. चारचौघांत, लांब तिकडे, कुणीतरी तिला अडवू दे.

विमानतळावर जाताना ती लोणावळ्याला वीस मिनिटं थांबली. तिकडच्या लोकांना द्यायला चिक्की हवी होती, तीही मीच रविवारच्या पर्यटकांत धक्के खात आणून ठेवली होती. "काही चुकलंय का गं?" तिने गाडीत बसताना विचारलं. "काही नाही. छान झालंय," मी म्हणाले. तिने माझा हात दाबला. तिचा हात गार होता, घाबरली होती बिचारी. तरी मी बोलले नाही.

पहिल्या वादसभेचं चित्रण मी कुरवंड्याला मावशीच्या ओट्यावर बसून मोबाईलवर पाहिलं. आईवडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे मावशीचं घर. तिची ऐंशी उलटली आहे. इंग्रजी तिला कळत नाही, पण माझ्या मैत्रिणीला तिने ओळखलं.

"किती वाळली गं! तिला कुनी खायला घालत न्हाई का तितं?"

समोरच्या एका गृहस्थाने विचारलं, ज्याच्या घरी चूलच पेटणार नाही त्याच्या शेताचं काय? मी मोबाईल जवळ धरला. हाच तो क्षण. आणि माझी मैत्रीण शांतपणे म्हणाली, त्याचं शेत पडून राहतं, गाव तितकं कठोर असतं. गृहस्थाने शंका काढली तेव्हा ती हसून म्हणाली, माझी त्या गावची मैत्रीण आहे, तिने प्रत्येक ओळ वाचली आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. गृहस्थाने माईक खाली ठेवला.

"काय म्हनली? आपल्या वाडीचं काय बोलली का?" मावशीने विचारलं.

मला खोटं सुचलं नाही. जे म्हणाली ते मी सांगितलं.

"आन् तुज्या बाचं खाचर? ते कुनी लावलं मंग?"

मी तिथेच बसून मैत्रिणीला सगळं लिहिलं. वडील, सुतक, बांधावरच्या भाकरी. तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं: अगं, मग वाचलंस तेव्हा का नाही सांगितलंस? खरं लिहायला एक ओळ पुरली असती. मी लिहिलं, नजरेतून सुटलं. तिने लिहिलं, होतं असं, आता वय झालं आपलं. तिने इतक्या चटकन विश्वास ठेवला, याचाही मला राग आला.

आठवड्याने दुसऱ्या शहरातली मुलाखत आली. मी ती पुन्हा मावशीकडेच पाहिली, का ते माहीत नाही. मैत्रीण म्हणाली, मागच्या सभेत मी चुकले. मग तिने माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. इतकी सुंदर सांगितली की मला कधी जमली नसती. कळशीतलं पाणीसुद्धा सोडलं नाही. पुढे म्हणाली, ज्या मुलीच्या घरी हे घडलं, तिच्याही नजरेतून ते सुटलं होतं. उपकार इतके शांतपणे झाले की घेणाऱ्याच्या लक्षातही राहिले नाहीत. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या थापेवर तिने सिद्धान्त उभा केला होता. माझ्या बापाच्या मरणाचाही मला हेवा वाटला, कारण ते आता तिच्याकडे होतं.

"टाळ्या कशाला वाजीवत्यात?" मावशीने विचारलं.

"तुमच्यासाठी. तुम्ही आमची लावणी केलीत म्हणून."

"आन् तुजं काय बोलली?"

"म्हणाली, मी ते विसरले होते."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "व्हय? इसरलीस तू?"

जळत होते म्हणून गप्प बसले, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मी मान हलवली.

"आमी न्हाई इसरलो," मावशी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठून आत गेली.