पाठवणीच्या दिवशीचा लाऊडस्पीकरवाला

हैदराबाद स्टेटची वाटणी झाली आणि बाबांची बदली हैदराबादहून औरंगाबादला झाली. जाण्याआधी त्यांनी ताईचं लग्न हैदराबादेतल्याच, नारायणगुड्यातल्या मुलाशी लावून दिलं. मांडवात गाणी वाजवायला एक लाऊडस्पीकरवाला बोलावला होता. साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस. तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी तो प्रत्येक तबकडी फडक्याने पुसायचा.

पाठवणीच्या वेळी बाबा त्याला म्हणाले, "आवाज वाढवा." कुणाचं रडणं ऐकू येऊ नये, असं त्यांना वाटत होतं. त्याने आवाज वाढवला. ताई बाबांच्या पाया पडली आणि काहीतरी बोलली. बाबांनी नुसतीच मान हलवली.

तेवढ्यात गाणं थांबलं. लाऊडस्पीकरवाल्याने तबकडीवरची सुई उचलली होती.

बाबांनी रागाने त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "साब, बेटी कुछ बोलरी. आपको सुनाई नै आरा."

ताई पुन्हा म्हणाली, "बाबा, मी तर इथेच आहे. लांब तुम्हीच चाललात."

बाबांनी तिला जवळ घेतलं. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो मात्र आमच्याकडे पाठ करून भोंग्याची वायर गुंडाळत बसला, आणि गुंडाळून झाल्यावरही बराच वेळ वळला नाही.