माझ्या पालकाची सही

कुणाला सांगू नका, पण वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मला पालक लागला होता. आणि ही करणी दुसऱ्या कुणाची नाही, माझीच! चहा घ्या, सांगतो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क. वडील गेले तेव्हा कॉलेज सुटलं होतं, ते सोळा वर्षांनी वाशीत पुन्हा धरलं. कॉलेज कसलं? शाळेच्या इमारतीत सकाळी भरणारे चार वर्ग. बाकात गुडघे मावायचे नाहीत. दोन वर्षं पास झालो आणि कळलं, की इथे तिसरं वर्षच नाही! मंजुरीच आलेली नव्हती. पदवी हवी तर मुंबईतल्या एका नामांकित कॉलेजात जा. तिथे बाहेरच्यांना जागा मोजून चार आणि अर्जांचा ढीग. ती जागा हुकली असती तर मी जन्मभर 'बी.ए. अपूर्ण' राहिलो असतो, आणि ते मला फार लागलं असतं.

अर्ज आणला. त्यात एक रकाना: 'पालकाचे नाव, शिक्षण, नाते व सही.' दुसरा कुणी असता तर रेघ मारून मोकळा झाला असता. पण मी पडलो डिस्पॅचवाला! आमच्या चलनात एक रकाना कोरा राहिला, की जकात नाक्यावर ट्रक दिवसभर उभा. कोरा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो. वडील नाहीत. आई गावी, अंगठा लावणारी. उरलं कोण? लिहून टाकलं: 'सौ. सुनंदा. सातवी पास. पत्नी.'

"इथे सही कर गं," मी बायकोला म्हटलं.

"कसली?"

"काही नाही, नुसती फॉर्मॅलिटी."

आठ दिवसांत पत्र आलं. 'मुलाखतीस पालकासह हजर राहावे.'

सुनंदा ठेवणीतली साडी नेसून निघाली. बसमध्ये मी तिला बजावलं, "विचारतील ते खरं सांग. उगाच माझ्या बढाया मारू नकोस." बघा, आपल्याच पायावर धोंडा!

कॉलेजात शिपायाने आवाज दिला, "पालक कोन? आत चला!" मी उठलो.

"तुमी पालक?"

"नाही, मी विद्यार्थी."

त्याने माझ्या टकलापासून चपलांपर्यंत एकदा पाहून घेतलं. "मग बसा खाली. पालक कुठाय?"

सुनंदा पिशवी सावरत उठली आणि आत गेली. दार अर्धं उघडं होतं. प्राचार्यांचा आवाज बाहेर येत होता.

"घरी अभ्यास करतात का हे?"

"करतात ना सर. पुस्तक छातीवर घेतलं, की पाच मिनटांत घोरतात."

आत हशा. बाकावरची अठरा-एकोणीस वर्षांची पोरं माझ्याकडे बघायला लागली.

"नोकरी सांभाळून जमेल?"

"दुपारपाळी मागून घेतलीय. पण विसराळू फार. मागच्या परीक्षेला हॉल तिकीट समजून रेशनकार्ड घेऊन गेले होते."

झालं! गेली जागा. मी निघायला उठलोच.

"मग यांना आम्ही का घ्यावं, सांगा बघू."

ती म्हणाली, "दोन धाकट्या भावांना शिकवलं सर यांनी. दोघं मास्तर झाले. दोघांचे पदवीचे फोटो यांनीच भिंतीवर लावलेत. शेजारी एक खिळा रिकामा ठोकून ठेवलाय."

त्या खिळ्याबद्दल मी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. मी परत बाकावर बसलो.

मला आत बोलावलंच नाही हो! सगळ्या पंचवार्षिक योजना पाठ करून गेलो होतो. थेट चिठ्ठीच हातात आली: प्रवेश मंजूर. अट एकच, दर महिन्याच्या हजेरी आणि गुणांच्या कार्डावर पालकाची सही हवी.

पहिल्या चाचणीत संख्याशास्त्रात मला शंभरापैकी अकरा मिळाले. आता हे सुनंदाला कसं दाखवणार? त्याच आठवड्यात मी थोरल्या मुलीला गणितावरून झापलं होतं. मग काय, केली मीच सही! छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन मुलींचा बाप, कारखान्यातल्या टेबलाशी बसून बायकोची खोटी सही ठोकतोय. बरं, तेवढ्यावर थांबावं ना? खाली रकाना होता, 'पालकाचा अभिप्राय.' कोरा! मी लिहिलं, 'विद्यार्थी हुशार व कष्टाळू असून त्याच्या गुणांवर जाऊ नये.'

दोन दिवसांत बोलावणं. पालकासह.

प्राचार्यांनी कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "बाई, ही सही तुमची आहे? नसेल तर मला यांचा प्रवेश रद्द करावा लागेल."

सुनंदाने कार्ड हातात घेतलं. अकरा वाचले. अभिप्राय वाचला. मग माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा संख्याशास्त्र बरं. आणि ही बाई भाजीवाल्याशीसुद्धा कधी खोटं बोललेली नाही.

"माझीच आहे," ती म्हणाली.

"आणि हा अभिप्राय?"

"तो पण माझाच. लिहिला तेव्हा मार्क बघायचे राहिले होते सर."

प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी पेन उघडून कार्डावर एक ओळ लिहिली आणि कार्ड मला न देता तिच्या हातात दिलं.

पदवी मिळाली मला पुढे, दुसऱ्या वर्गात. पण घरी कुणी आलं, की सुनंदा ती नाही दाखवत. तिने जपून ठेवलेलं ते कार्ड काढते. त्यावर प्राचार्यांच्या सुरेख अक्षरात शेरा आहे: 'पालक उत्तम. विद्यार्थी बदलता आल्यास पाहावे.'